बायकोला रिव्हर्स येत नाही

४ मार्च
कानाच्या डॉक्टरांनी निकाल दिला. आतल्या कानाचा आजार. बरा होत नाही, सांभाळायचा. चक्कर कधीही येईल, म्हणून गाडी चालवायची नाही, शिकवायचीही नाही. आणि मी ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. अर्ध्या शहराला क्लच मी शिकवला. स्कूल असिस्टंटच्या हवाली केलं. त्याला शुभेच्छा दिल्या. मनापासून नाही.

१० मार्च
ठरलं. हातपाय गाळून बसायचं नाही. घरची गाडी आहे, आणि बायकोला ती चालवता येत नाही. म्हणजे विद्यार्थी घरातच. हिने एवढंच विचारलं, रोज का? म्हटलं, रोज. सकाळी ही मैत्रिणीबरोबर पोहायला जायची, ते बंद. शिकायचं म्हटलं की त्याग आलाच.

१९ मार्च
ओरडायचं नाही असं काल ठरवलं होतं. आज ओरडलो. ओरडलो म्हणजे आवाज चढला. कानामुळे स्वतःचा आवाज कळत नाही. नंतर अपराधी वाटलं. सॉरी म्हणायला स्वयंपाकघरात गेलो. ही कांदा चिरत होती, डोळ्यांत पाणी. कांद्याचंच असणार. परत आलो.

११ एप्रिल
चक्कर. दोन दिवस आडवा. भिंती फिरत होत्या. ओकायची बादली हिनेच उचलली, ऑफिसला रजा टाकली. फार वाईट वाटलं. उद्यापासून हिला अर्धा तास जास्त शिकवायचं. म्हणजे फिट्टंफाट.

२ मे
ही हल्ली दर रविवारी दुपारी बहिणीकडे जाते. येते ती खुशीत. धड्याला मात्र तीच रड, रिव्हर्स घेताना गाडी बंद पाडते. जीव तोडून शिकवतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

८ जून
मेहुणा सहकुटुंब आला होता. हल्ली काय करता, म्हणाला. शिकवतो, म्हटलं. तुमची बहीण स्वभावाने चांगली आहे, पण डोकं नाही. रिव्हर्स तिला सात जन्मांत यायचं नाही. सगळे हसले. हीपण हसली, जरा जास्तच वेळ. बोलायला नको होतं. पण गुरूने खरं बोलायचं नाही तर कुणी?

१७ जुलै, हॉस्पिटल
सकाळी धड्याच्या मध्येच चक्कर आली. मार्केटची अरुंद गल्ली, समोर टेम्पो माल उतरवत उभा. मी ओकत होतो. गाडी बंद कर, कुणाला तरी हाक मार, असं हिला सांगायचं होतं. हिने एक हात माझ्या सीटमागे टाकला, मान पूर्ण मागे वळवली आणि अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये काढली. एका दमात. कुठे ओरखडा नाही. त्या अवस्थेतही मला कळलं. मान अशी वळवायला शहरात फक्त माझा असिस्टंट शिकवतो.

सलाईन लागल्यावर विचारलं. ही म्हणाली, "लायसन्स मेमध्येच मिळालं. रविवारी त्याच्याकडे शिकत होते."

"मग रोज सकाळी माझ्याकडे कशाला?"

"धडा असला की तुम्ही दाढी करता. इस्त्रीचा शर्ट घालता. नाहीतर दिवसभर भिंतीकडे तोंड."

१८ जुलै
मेल्याहून मेल्यासारखं झालंय. हिचं पोहणं बंद केलं, चारचौघांत हिला ढ ठरवलं, आणि हिला वाटत होतं मी उठून बसतोय तेवढं पुरे. तसं बघितलं तर असिस्टंटला मान वळवायला मीच शिकवलं. म्हणजे हिलाही मीच. हे लिहून बघितलं. बरं वाटलं नाही.

उद्या डिस्चार्ज. माफी मागायची. कांदाबिंदा काही न बघता, सरळ. आणि सांगायचं, उद्यापासून पोहायला जा. वाक्यं पाठ केली आहेत.

१९ जुलै
घरी येताना गाडी हीच चालवत होती. मी शेजारी. सिग्नलला थांबली आणि माझ्याकडे बघितलं. रस्ता शांत, डोकं स्थिर. हीच वेळ होती. घसा खाकरला.

म्हटलं, "क्लच जरा लवकर सोडतेस."

"बरं," म्हणाली, आणि पुढच्या सिग्नलला सावकाश सोडला.