हिरव्या पिनेशेजारची खडूची रेघ

प्रिय दादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. मतं नंतर.

१. पहिला रविवार. स्पीकरमधून आवाज नाही. कारण: स्पीकरची हिरवी पिन माइकच्या गुलाबी भोकात. जागेवर लावली. आवाज आला.
२. दुसरा रविवार. आवाज नाही. पिन जागेवर. कारण: अपडेट झाल्यापासून कॉम्प्युटर आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरकडे पाठवत होता. आपल्या मॉनिटरला स्पीकर नाहीत. सेटिंग बदललं. आवाज आला.
३. तिसरा रविवार. स्पीकरला वीजच नाही. कारण: प्लग बोर्डातून अर्धवट बाहेर. दाबला. आवाज आला.
४. चौथा रविवार. आवाज ठीक, कॅमेरा बंद. कारण: कॅमेऱ्याची वायर मागून सुटलेली. लावली.
५. पाचवा रविवार. पुन्हा हिरवी पिन, पुन्हा गुलाबी भोक.
६. परवाचा रविवार. हिरवी पिन कुठल्याच भोकात नाही. सापडली. कुठे, ते पुढे लिहिते.

पहिल्या पाचही वेळा आईचा फोन आला. ‘अगं, ते परत मुकं झालंय. दादाची वेळ झाली. येतेस का?’ हा प्रश्न नसतो हे तुला माहीत आहे. आठवड्यात एकच सुट्टी. त्या सुट्टीत डोक्याला तेल लावून झोपायचं ठरवलेलं असतं आणि मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन बस बदलत असते. पोचेपर्यंत तुझ्या व्हिडिओ फोनची वेळ टळलेली असते. मी टेबलाखाली शिरते, बाबा टॉर्च धरतात आणि तो नेमका माझ्या डोळ्यांत मारतात, आई दारात उभी राहून ‘आला का? आला का?’ विचारते. आवाज येतो. मग आई म्हणते, ‘आता तो कामाला निघाला असेल. जाऊ दे, पुढच्या रविवारी.’ आणि कीबोर्डवर टॉवेल पांघरते, लहान मूल झोपवल्यासारखा.

मी वैतागले, हे सांगायला नको. दिवसभर मी लिफ्टचे कंट्रोल पॅनेल तपासते. एका पॅनेलमध्ये दीडशेच्या वर वायरी असतात आणि त्या आपल्या जागा सोडत नाहीत. आपल्या घरात मोजून सात वायरी आहेत आणि त्या रात्रीतून फिरायला जातात. त्यातून तुझी ती रंगीत चिकटपट्टी. जाताना तू प्रत्येक वायरीला पट्टी गुंडाळून ‘कोणीही हात लावू नका’ असं बजावून गेलास. तेव्हापासून ते टेबल म्हणजे देवघर झालं आहे. वायरींचा गुंता सोडवून नवी जोडणी करते म्हटलं, तर आई म्हणाली, ‘नको गं, दादाने लावलंय. बिघडवशील.’ तू औषधं विकतोस, दादा. मी याच कामाचा पगार घेते. पण घरात इंजिनिअर तूच, आणि मी तुझ्या हाताखालची पोरगी.

आमच्या विभागातले मोठे साहेब नवीन आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट शिकवतात. बिघाड शोधताना आधी वीज बघायची, मग वायर, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी माणूस. कारण माणसापासून सुरुवात केली की भांडण होतं आणि बिघाड तसाच राहतो. मी तेच केलं. वीज बघितली. वायरी बदलून बघितल्या. स्पीकर माझ्या खोलीवर नेऊन आठवडाभर चालवले, खणखणीत वाजले. तिसऱ्या रविवारी मला उंदराचा संशय आला. चौथ्या रविवारी मी टेबलामागे पिंजरा लावला. बाबांनी मान डोलावून ‘असेल, असेल, उंदीरच असेल’ म्हटलं, आणि पिंजऱ्यात अडकवायला भाकरीचा तुकडाही स्वतः आणून दिला. हे त्यांचं वागणं मी अजून विसरलेले नाही.

पाचव्या रविवारी मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट पूर्ण बाहेर ओढलं आणि मागचा भाग उजेडात धरला. हिरव्या भोकाशेजारी एक बारीक निळी रेघ होती. बोट फिरवलं तर पुसली गेली. खडू. मग मी बाकीच्या जागा बघितल्या. कॅमेऱ्याच्या वायरीच्या जागेशेजारी तशीच रेघ. विजेच्या बोर्डावर, स्पीकरच्या प्लगपाशी, तशीच रेघ. जिथे जिथे बिघाड झाला होता तिथे तिथे एक. फक्त दुसऱ्या रविवारच्या बिघाडाला रेघ नव्हती, कारण सेटिंगवर खडू उमटत नाही. तो एकच बिघाड यंत्राचा होता. बाकीचे चार शिंप्याचे.

बाबांनी आयुष्यभर खूण केल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. दुकान बंद केलं, मशीन विकलं, तरी तो निळा खडू शर्टाच्या खिशात असतो. तुला आठवत असेल, मी शाळेत असताना त्यांच्या कात्रीने वायर कापली होती, तेव्हा ते कात्रीबद्दल रागावले नव्हते. ‘खूण न करता कापलीस’ म्हणून रागावले होते. आता या वयात ते वायर काढतात, पण काढायच्या आधी ती कुठे होती याची खूण करतात, म्हणजे मला परत लावता यावी. मोडत काहीच नाहीत. जे मला अर्ध्या तासात नीट करता येईल तेवढंच बिघडवतात. हे कळलं तेव्हा माझं डोकं इतकं फिरलं की मी पिंजरा उचलला आणि तडक माझ्या खोलीवर निघून आले.

मी विचारलं नाही, कारण मला ‘का’ कळत नव्हतं. ते कळण्यासाठी तुझ्या शेवटच्या फोनपर्यंत मागे जावं लागलं.

तुझा शेवटचा फोन पहिल्या बिघाडाच्या आदल्या रविवारी होता. आईने मला त्याच दिवशी सांगितलं होतं: ‘दादाशी बोलत होते, मधेच आवाज गेला बघ. ते स्पीकर खरखरत होते आधीपासून.’ मी ते बिघाडाचं लक्षण म्हणून लक्षात ठेवलं. तिथे माझी चूक झाली. परवा बाबांनी दुसरी हकिगत सांगितली. ते शेजारच्या खुर्चीत होते. आईने नेहमीसारखं विचारलं, जेवलास का, अंगावर काय घातलंयस, आणि सुट्टी काढून कधी येतोस. कधी येतोस, हे तिने तीनदा विचारलं. मग तू म्हणालास, ‘आई, दर रविवारी तेच तेच. या फोनचा मला कंटाळा आलाय.’ आणि तू फोन ठेवलास. आवाज गेला नव्हता. तू ठेवलास.

बाबा म्हणाले, आई पडद्याकडे बघत बसली, मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, ‘बघा, गेला आवाज.’ ते ‘हो’ म्हणाले. पुढच्या रविवारी वेळ जवळ आली, आई केस विंचरून बसली, तिच्या मागची कपडे वाळत घालायची दोरी काढून भिंत मोकळी केली होती. आणि बाबांना वाटलं की फोन येणार नाही. ती तासभर तशीच बसेल आणि मग तिला ‘आवाज गेला’ म्हणता येणार नाही. म्हणून ती हात पुसायला आत गेली तेवढ्यात त्यांनी पहिली पिन काढली आणि दिसलं त्या भोकात घातली. इतकं सोपं.

आता परवाचं. मी न बोलावता गेले, वेळेच्या बरीच आधी, त्यांना रंगेहाथ पकडायला. किल्लीने दार उघडलं. आई स्वयंपाकघरात होती. बाबा टेबलामागे वाकलेले, पाठ पडद्याकडे, दातांत खडू, हातात हिरवी पिन. मी म्हणाले, ‘बाबा, उंदीर सापडला.’ ते उठायला गेले. आणि त्याच क्षणी, दादा, पडदा उजळला. तुझा फोटो आला, तो डोंगरावरचा, गॉगल घातलेला. खाली हिरवं बटण. तू फोन करत होतास. आवाज कसला येणार? आवाजाची वायर बाबांच्या मुठीत होती. मी टेबलाकडे धावले, मला धावताना बघून बाबा दचकले, त्यांचा पाय मागे पडला तो थेट एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणावर. कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर, सगळं एका दमात बंद. आतून आई म्हणाली, ‘काय पडलं गं?’ आणि मी, जिने आयुष्यात खोटा तपासणी अहवाल दिलेला नाही, म्हणाले, ‘काही नाही. दुरुस्ती चालू आहे.’

आपला जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ घेतो ते तू जाणतोस. तो गोल गोल फिरत होता तोवर मी माझ्या मोबाइलवरून तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. ‘पुन्हा लाव, घरी’ असा मेसेज टाकला. तू अंगठा पाठवलास. मी वाट बघितली. तू लावला नाहीस. गेला दीड महिना माझ्या प्रत्येक मेसेजला तू अंगठाच दाखवतो आहेस, म्हणून आज कागद घेऊन बसले. कागदाला असला अंगठा दाखवून सुटता येत नाही.

आई बाहेर डोकावून पुन्हा आत गेल्यावर मी बाबांना गॅलरीत नेलं आणि विचारलं. ते पिन बोटांत फिरवू लागले, सुई ओवायची असल्यासारखी. मग म्हणाले, ‘मला त्यातलं काही कळत नाही गं. रंग तेवढे कळतात. ती मशीनवर रुसलेली बरी. मशीन तू नीट करतेस.’ मी म्हणाले, असं किती दिवस चालणार? ते म्हणाले, ‘तू येतेस ना दर रविवारी? तेवढंच तिला.’ मी फक्त सांगितलं की पुन्हा पिंजऱ्याला भाकरी आणून देऊ नका. तेव्हा ते हसले, आणि मग हसायचे थांबले.

पडदा उजळलेला त्यांनी बघितला नाही, पाठ होती. मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत. आईलाही सांगितलेलं नाही. तिने त्या रविवारी नक्की काय ऐकलं, हेही मी विचारलेलं नाही. एवढं लिहिते की तिचे कान चांगले आहेत; वरच्या मजल्यावरचा नळ ठिबकलेला तिला आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. काल तिने मला फोनवर विचारलं, ‘बिघाड मोठा आहे का गं? खरं सांग.’ मी म्हणाले, बघते.

तर हे पत्र त्यासाठी. मी तुझ्या वतीने अंदाज करते आहे, चुकत असेन तर दुरुस्त कर. तू इतके आठवडे लाजेने फोन केला नाहीस. परवा कसाबसा केलास, कोणी उचलला नाही, वर तो मधेच तुटला, आणि तुला वाटलं की आई रागावली आहे आणि तिने तुझा फोन कापला. तसं नाही. त्या घरात तुझा फोन कोणी कापलेला नाही. तुझी घंटा वाजलीच नाही, कारण तू फोन करणारच नाहीस अशी खात्री असलेल्या माणसाने तिची वायर हातात धरली होती, तुझी बाजू सांभाळायला. या सगळ्यात यंत्राचा दोष एकच होता, आणि तो मी दुसऱ्या रविवारी काढला. वीज बघून झाली, वायर बघून झाली, यंत्र बघून झालं. येत्या रविवारी मी सकाळीच घरी असेन. बाबांना आईशेजारच्या खुर्चीत बसवेन आणि खडू माझ्या खिशात ठेवेन. सात वायरी जागेवर असतील, याची हमी मी देते. फोनची हमी फक्त तू देऊ शकतोस. करणार असशील तर तसं लिही. नसशील तर तेही लिही, म्हणजे आईला ‘मशीन ठणठणीत आहे’ हे खरं उत्तर मी देईन आणि पुढे ती जे विचारेल त्याचंही. पण तिला केस विंचरून बसवून मी पुन्हा टेबलाखाली लपणार नाही. हे कुरिअरने पाठवते आहे; गुरुवार संध्याकाळपर्यंत मेसेजवर उत्तर पाठव. शब्दांत.

तुझीच,
टेस्टर