कोश फुगला त्याची हकीकत

चि. चिमणीस काकांचे आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक आहोत. माझा गुडघा आणि तुझ्या काकूची जीभ पूर्ववत चालू आहेत (पैकी गुडघा किंचित मंद). "आंबवणाची बरणी ताबडतोब पाठवा, त्याशिवाय इथे एकही पाव फुगणार नाही" हा तुझा निरोप पोहोचला. त्याचे सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे.

नवी भट्टी लावायला जाताना तू बरणी माझ्या हाती दिलीस आणि "काका, हे जिवंत आहे, जपा" एवढेच बोललीस. विशेषणांचा असा सैल वापर मला मान्य नाही. म्हणून मी रीतसर परीक्षा घेतली. टिचकी मारली, हालचाल नाही. हाक मारली, प्रतिसाद नाही (या कसोटीवर मीही निर्जीवच ठरतो, असे काकूचे म्हणणे). आत केवळ पीठ आणि पाणी. या मिश्रणास खळ म्हणतात. माझ्या शब्दकोशाची पाठ उसवलेली होतीच. ती मी या खळीने चिकटवली आणि कोश उन्हात, खिडकीत ठेवला. उरलेली खळ वाटीत काढून काकूने बरणी घासून लख्ख केली.

दुपारी काकू म्हणाली, "अहो, तुमच्या कोशाला दिवस गेलेत बहुतेक." पुठ्ठा खरोखरच टम्म फुगला होता आणि शिवणीतून बुडबुडे येत होते. ऊब, ओल, हवा आणि पोटाला पीठ: जीव तगायला जे जे लागते, ते सर्व मी नकळत यथासांग पुरवले होते. माझी चूक झाली, असे मी म्हणत नाही. वर्गीकरणात दुरुस्ती करतो. "पोरीनं दहा वर्षं सांभाळलं, आणि तुम्ही त्यानं पुस्तक चिकटवलंत?" असे काकूने विचारल्यापासून मात्र मला जेवण गोड लागलेले नाही.

तुझा,
काका

ता. क. वाटीत बोटभर उरले होते. वाळले तरी ते मरत नाही, कोमट पाणी आणि पीठ मिळताच उठते, असे काकू सांगते. म्हणून हे पाकीट त्यानेच चिकटवले आहे. जपून उघडावे.

पुन्हा ता. क. ही सूचना आरंभीच हवी होती, असे काकूचे मत. परंतु पत्राला काही क्रम असतो. पाकीट फेकले असल्यास आधी केरात हात घालावा.

शेवटचा ता. क. न सापडल्यास कळव. कोश पाठवतो. खुशाल फाड, फक्त कोणत्या अक्षरापासून सुरुवात केलीस, ते मला सांगू नकोस.