पित्ताचा निकाल दडविल्याबाबत आणि पुढील नमुने नाकारल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
मधुमेह व आतड्यातील जिवाणू संशोधन प्रकल्प,
धाराशिव.

विषय : खुलासा देण्यास व यापुढे नमुने देण्यास नकार.
संदर्भ : 'असहकार्य व अफवा पसरविणे' याबद्दल मला आलेली आपली नोटीस.

महोदय,

मी शांताक्का वीरप्पा कलशेट्टी, उमरगा तालुक्यात राहते, शिलाईकाम करते. मला जुना मधुमेह आहे. माझी जाऊ गिरिजाबाई हिलाही आहे. गेल्या उन्हाळ्यात आपले पथक गावात आले. आपल्या डॉक्टर मॅडमनी शाळेच्या व्हरांड्यात समजावून सांगितले, की यकृतातले पित्त नुसते तेलतूप पचवत नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे रूप बदलतात आणि त्याचा रक्तातल्या साखरेशी संबंध असावा. ते तपासायला रक्त आणि शौचाचा नमुना हवा. गाव हसले. आम्ही बायकांनी पदराआड डबी धरून, पारावरच्या पुरुषांसमोरून चालत जाऊन नमुने दिले. लेकीसुनांना तरी ही साखर लागू नये, एवढ्यासाठी.

दिवाळीनंतर आपण पुन्हा रक्त नेले. त्याच सुमारास गिरिजाबाई म्हणू लागली, "अक्का, अंगाला लई खाज सुटलीया, कातडं सोलून काढावं वाटतंय." साखरेची खाज समजून मी तिला खोबरेल चोळत राहिले. मग डोळे पिवळे झाले, थंडी भरून ताप आला, ती माणसे ओळखेना. सोलापूरला नेले. पित्ताच्या नळीत खडा अडकून जंतू रक्तात गेले होते; खाजही त्याचीच होती. दुर्बिणीने खडा काढला. ती वाचली, पण आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर मी आपल्या कार्यालयात आले. तेथील साहेबांनी संगणकात पाहून सांगितले, "गिरिजाबाईंच्या दिवाळीच्या रक्तातच पित्त खूप वाढलेलं दिसतंय."

मी विचारले, "मग आमाला का न्हाय सांगितलं?"

"निकाल अभ्यासासाठी असतात, बाई. पेशंटसाठी नसतात."

महोदय, आपल्याला ठाऊक होते आणि मी खोबरेल चोळत होते.

गावी येऊन मी हे जसेच्या तसे बायकांना सांगितले. त्यांनी नमुने देणे थांबविले. यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. त्यामुळे मी खुलासा देणार नाही आणि माफी तर मुळीच मागणार नाही. खुलासा आपल्याकडून यायचा आहे.

संशोधनाला आमचा विरोध नाही. हा आजार आम्ही अंगावर वागवतो. त्याचे मूळ सापडावे असे आमच्याइतके कोणाला वाटणार? परंतु आजवरचे निकाल ज्याचे त्याला मराठीत, आणि आमच्यातल्या म्हाताऱ्यांना कन्नडमध्ये, समोर बसून सांगावेत. धोक्याचे काही दिसले तर त्याच दिवशी कळवू, असे लिहून द्यावे. तोवर आपल्या पथकाला इथे चहा मिळेल, नमुना मिळणार नाही. माझे नाव वगळायचे असल्यास खुशाल वगळावे. मग बाकीच्याही आपापली नावे काढून घेणार आहेत.

उत्तर तोंडी नको, लेखी हवे.

खाली आम्हा सर्वजणींच्या सह्या आहेत. पहिली गिरिजाबाईची. आजारापासून तिचा हात थरथरतो, म्हणून अक्षरे ओळ सोडून गेली आहेत. अंगठा लावण्यास तिने नकार दिला. सही आहे तशी ग्राह्य धरावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
शांताक्का वीरप्पा कलशेट्टी
दि. १२ फेब्रुवारी २०२५