शेंदराची पुटं

२ ऑक्टोबर १९७२
जामखेडला एसटीतून उतरलो तर सूर्यभानरावांची बैलगाडी माझ्यासाठी हजर! भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात बंदुकांचे लाकडी दस्ते घासण्यात माझी उमर गेली, पण असा मान कधी मिळाला नव्हता. वस्ती गावापासून लांब, उघड्या माळावर. दगडी भिंती, वर नवेकोरे पत्रे. मला ओसरीच्या टोकाची खोली दिलीय, खिडकी पूर्वेला. सुताराला उजेड मिळाला की बाकी काही नको.

काम एकाच बंदुकीचं. पहिल्या महायुद्धातली लष्करी रायफल, गोऱ्या साहेबानं यांच्या आजोबाला बक्षीस दिलेली. परवाना आहे, गोळी उडवणारी आतली सुई सरकारनं कधीच काढून नेली. नुसती शोभेची. पण दस्त्याची काय गत केलीय! अस्सल अक्रोडाचं लाकूड, आणि त्यावर दारं-खिडक्यांना फासतात तो चॉकलेटी ऑइलपेंट. ओघळसुद्धा पुसलेले नाहीत. ज्या गाढवानं हे केलं त्याच्या हातात पुन्हा ब्रश देऊ नये.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात, तोवर बंदूक पहिल्यासारखी दिसावी एवढंच त्यांचं म्हणणं. दिसेल की. दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला मुक्ताला माहेराहून, श्रीरामपूरहून आणायचंय. पोरगी झालीय आणि मी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. नावसुद्धा माझ्यासाठी थांबवून ठेवलंय.

४ ऑक्टोबर
माणसं मात्र घुमी. मालकीण गोजरबाई ताट उंबऱ्यावर ठेवते आणि मागच्या पावली निघून जाते. दुष्काळ आहे, पाणी तांब्याभरच मिळणार हे कबूल. पण दोन शब्द बोलायला काय पाणी लागतं?

ऑइलपेंट काचेनं खरवडला. खाली लाकूड नाही, शेंदूर! पुटावर पुट, म्हसोबाच्या दगडावर असतो तसा जाड. दर खंडेनवमीला तेलात कालवून एक हात देत आलेत. पुढे कुणाला तरी लाज वाटली आणि वरून चॉकलेटी रंग दिला. जागोजागी तडेही गेलेत.

सूर्यभानरावांना म्हटलं, देवाचा शेंदूर घरच्या माणसानं उतरवायचा असतो, तेलाच्या बोळ्यानं, आणि वाहत्या पाण्यात सोडायचा असतो. तुमच्यापैकी कुणीतरी पहिला हात लावा. त्यांनी हात पाठीमागे नेले. म्हणाले की नदीला पाणी कुठाय, तुम्हीच काढा, लाकूड दिसेपर्यंत काढा. मालकालाच सोयरसुतक नाही तर मला काय पडलंय? पटाशी लावली. भुगा गोळा केला आणि चुलीत टाकला.

७ ऑक्टोबर
उजव्या तळव्याचा रंग जात नाही. राख झाली, रॉकेल झालं, गोडेतेल झालं. लालभडक. सकाळी पटाशी निसटून अंगठ्यात घुसली, आणि दुखलंच नाही. रक्तही नाही. टवका उडाला तर खाली पुन्हा शेंदूर. मी दारू पीत नाही, हे इथं लिहून ठेवतो.

दस्ता मात्र देखणा निघतोय. वर्कशॉपात इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं.

९ ऑक्टोबर
काल घट बसले. आज ताटात मीठ नाही. मी भडकलो, दारापर्यंत गेलो. गोजरबाईनं ताट खाली ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. मला प्यायला तांब्याभर आणि ताटाभोवती फिरवायला पाणी आहे! वर म्हणते कशी, गोड मानून घे. घे! मी वयानं हिच्यापेक्षा मोठा, परवापर्यंत मला अहोजाहो करत होती.

रागानं जेवायला बसलो, आणि घास हातातच राहिला. आमच्या घरीही ताटात मीठ वाढत नाहीत, पाणी फिरवतात, गोड मानून घे म्हणतात. फक्त नैवेद्याच्या ताटाला.

११ ऑक्टोबर
दस्ता पुरा झाला. मनगट वाकत नाही, डाव्या हातानं लिहितोय. रंग कोपरापर्यंत आला. गालावर पण, जिथं दस्ता टेकवून मी नेम पाहिला तिथं. लाकडावरचं जेवढं निघालं तेवढं माझ्यावर चढलंय. आता मान्य करायला काय हरकत आहे. भीती वाटते. लई भीती वाटते.

सूर्यभानरावांना सांगितलं, काम झालं, निघतो. ते म्हणाले, पूजा होऊ द्या. मी पिशवी उचलली आणि न विचारता रस्ता धरला. सडकेवर दुष्काळी कामाच्या बाया खडी फोडत होत्या. मला पाहून हातोडे थांबले. एकीनं पदर पुढं घेऊन नमस्कार केला, मग सगळ्यांनी. एसटी आली. माझा गुडघा वाकेना, पाय पायरीवर चढेना. मी ओरडत होतो की हात द्या. कंडक्टरनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, हात जोडले आणि बेल मारली.

बायांनी मला परत वस्तीवर आणून सोडलं. अगदी हळू, जपून, धक्का न लावता. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

१३ ऑक्टोबर
गोजरबाई आज उंबऱ्यात बसली. मी विचारलं, का. तिनं सांगितलं, आजेसासऱ्यानं लढाईतून बंदूक आणली त्याच वर्षी घरातली माणसं मरायला लागली. म्हणून तिला देव करून बसवलं, शेंदूर चढवला, आणि सगळं शांत झालं. दोन वर्षांपूर्वी शेंदराला तडे गेले. हिची दोन मुलं गेली. तिसरा मामाकडं ठेवलाय.

मी म्हटलं, पुन्हा शेंदूर लावायचा होता.

"लाकडात राहीना ते. मानूस मागत हुतं. घरचा द्यायचा का भायेरचा, येवढंच आमच्या हातात हुतं."

मी म्हटलं, मला लहान पोरगी आहे. ती म्हणाली, ठाव हाय. रडत होती. रडत रडत माझ्या पायांना हात लावला. थू तिच्या रडण्यावर.

पाय तिला लागले. मला तिचा हात लागला नाही.

१५ ऑक्टोबर
भूक नाही. तहान नाही. मान वळत नाही — खिडकीकडं ठेवली होती, तिकडंच राहिली.

मुलाला मामाकडून आणलंय. अंगणात हसतो. बंदूक घेऊन खेळतो. कुणी रागवत नाही.

मी ती इतकी गुळगुळीत —

१६ ऑक्टोबर
खंडेनवमी. पाटावर बसवलंय. विळे, कोयते, कुऱ्हाड. मधे मी. बंदूक पूजेत नाही, खुंटीला.

डावी दोन बोटं अजून — वही मांडीवर आहे. कुणी काढून घेत नाही. देवापुढचं कोण उचलणार.

परात आली. तेलाचा वास. खालून वर लावतात. सूर्यभान म्हणतो, सावकाश, तडा राहता कामा नये.

छातीपर्यंत —

मुक्ता, उद्या वाट पाहू नकोस. पोरीचं नाव मी ठरवलंय. कालपासून तेवढंच धरून बसलोय. बापानं ठेवलं म्हणून सांग तिला. तिचं नाव —