तांबूच्या घशातला बाठा

४ मे
वेळणेश्वरजवळच्या या वाडीत काल पोचले. आंबापोळीच्या कारखान्यात देखरेखीचं काम मिळालं आहे. राहायला विमलाकाकूंकडे, त्यांचा मुलगा संदेश मुंबईला, म्हणून माडीवरची खोली मोकळीच होती. खिडकीखाली गोठा. तांबू गायीला आंब्याच्या साली घातल्या, तर तिने हातच चाटला. काकू म्हणाल्या, माणसांचं मागाहून बघू, तांबूने तुला घरात घेतलीन हो! फार बरं वाटलं.

१४ मे
आंब्यांचे देठ मोडताना चीक उतला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले, फुटलेही.

१९ मे
तांबूची लाळ थांबत नाही. पाण्याला तोंड लावते, गिळत नाही. हंबरणं घोगरं झालंय. सगळी वाडी एका सुरात म्हणाली, बाठा अडकलाय. या दिवसांत गुरं आंब्याच्या कोयी चघळतात, एखादी घशात रुतते, मग घरचं माणूस हात घालून काढतं. काकूंनी हात घातला. तांबूच्या दातांनी त्यांचं उजवं मनगट सोललं. तुझा हात बारीक, बघ गो जरा, म्हणाल्या. मी कोपरापर्यंत घातला. लाळ कोमट होती. बाठा लागलाच नाही. हात नुसत्या पाण्याने धुतला, बोटं झोंबली.

२२ मे
तांबू गेली. काकू जेवल्या नाहीत.

३० मे
गुरं राखणारा धाकू सहज बोलून गेला, शिमग्याच्या सुमारास कोल्ह्याने तांबूची नाकपुडी फोडलीन होती. हळद भरली, सुकली. मी माझी बोटं बघितली. कोल्हा पिसाळलेला असला तर? रेबीज लाळेतून पसरतो. चावाच लागतो असं नाही, उघडी जखम पुरते. काकूंना म्हटलं, दोघी जाऊन सुया घेऊ. त्या हसत सुटल्या. दवाखान्यात काय सांगशील, गाय चावलीन म्हणून? कारखान्यातल्या बायका आता मला शंकासूर म्हणतात.

६ जून
एसटीच्या थांब्यापर्यंत गेले नि परतले. मला अक्षरं आणि रीत दोन्ही आईनेच घरी शिकवली: आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको. कामाच्या घाईत सुट्टी कशी मागू? सोमवारी नक्की.

२८ जून
गेलेच नाही. पण काही होतही नाही. काकूंचंच खरं असेल.

९ जुलै
बोटं कधीच भरली. तरी त्याच जागी मुंग्या. बारीक ताप.

११ जुलै
पंख्याचा वारा लागला की गळा आवळतो. बंद केला. झोप नाही.

१२ जुलै
तांब्यातलं पाणी — बघवत नाही. घशात काहीतरी — तांबूच्याही — बाठा नव्हता. नव्हताच —

१३ जुलै
माझं काय होणार ते कळलंय. पण काकूंना अजून काही नाही. त्यांना सुया लागू पडतील — आजच घेतल्या तर. मघाशी सगळं पुन्हा सांगितलं, हात जोडले. या वेळी हसल्या नाहीत. धाकू गाडी आणायला पळालाय.

काकू दाराशी बसल्यात. जवळ येऊ देत नाही मी — माझी लाळ — लांबूनच म्हणतायत, भिऊ नको गो बाय, मी आहे ना.

बोलताना उजवं मनगट पदराला चोळतायत. सारखं चोळतायत. विचारलं, काकू, तिथे कधीपासून —