काजळ कुठे लावायचं

नाना, तुम्ही गेल्यापासून गाड्यांची तोंडं फार बिघडली आहेत. तुमच्या वेळी गाडीला चेहरा असायचा. दोन गोल डोळे, मधे जाळी, खाली बंपर. ग्वाल्हेरला नया बाजारात घरासमोर तुम्ही वाहनपूजा करायचात तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि शेवटी दिव्याच्या कडेला काजळाची तीट, दृष्ट लागू नये म्हणून. आता दृष्ट लागण्यासारखं काही उरलेलंच नाही. जबडा एवढा की त्यात बोकड मावावा, डोळ्यांच्या जागी दोन चिरा आणि अंगभर विनाकारण घड्या, नेसता न आलेल्या धोतरासारख्या. समोरून येते ती आपल्यावर खेकसतच.

तुमच्या नातीला गाडी घ्यायची होती म्हणून मी तिच्याबरोबर शोरूममध्ये गेलो. जाहिरातीतली किंमत ही ब्रह्मासारखी असते, नाना. वर्णन सगळीकडे, प्रचिती कुणालाच नाही. स्वस्त मॉडेलचं निरूपणही विक्रेत्याने वेदान्ती थाटात केलं, काय काय नाही तेवढंच सांगून. मागचा कॅमेरा? "नहीं सर." मागच्या काचेला वायपर? "नहीं सर." स्टेपनी? "नहीं सर, पंक्चर किट है." एवढं सगळं वजा करून जे उरतं ते महागच. वरच्या मॉडेलमध्ये जास्तीचं काय, तर छताला काच. इथल्या जेठातल्या उन्हात! पूर्वी आपण पापड गच्चीवर वाळत घालायचो, आता स्वतःच गाडीत बसून वाळायचं. बटणं काढून टाकली आहेत. वारा कमी करायचा तर रस्त्यावरची नजर काढून एका पडद्याला गोंजारत बसा.

हे सगळं मी तिथेच, मोठ्याने बोललो. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले, तसा मला जोर चढला. म्हटलं, "हिचं तोंड पाहून मी मंत्र विसरेन." पोर उठून चालू लागली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, मेरी पहली गाडी है. इतकी वर्षं स्कूटरवर ऊन खाल्लं, मग कुठे ही जमतेय. आपको पूजा नहीं करनी तो मत करो. शोरूमवाले पंडितजी कर देंगे." तुमची नात, आणि पूजा शोरूमची, फुगे आणि केकसकट.

घरी येईपर्यंत मला तो टेम्पो आठवत होता. दाल बाजारात पोती वाहणारा तीनचाकी, लांब नाकाडाचा, उभ्या जागी थरथरणारा. मालक त्याला धुऊन, झेंडूची माळ घालून घेऊन आला आहे. मी शाळकरी, ते नाकाड पाहून फिदीफिदी हसतो. तुम्ही मला दाराआड ओढता आणि हळूच म्हणता, "तोंड पाहून यायचं असतं तर तुझ्या मुंजीला कोणी आलं नसतं." मग बाहेर जाऊन तितक्याच मायेने तीट लावता. पूजा झाली की गाडीबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची, ही तुमची रीत कुठल्याच पोथीत नाही. "खोटं बोलायचं नाही," तुम्ही मला बजावलं होतंत, "सापडेपर्यंत बघायचं." त्या टेम्पोकडे तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "भैया, हॉर्न बड़ा दमदार है." तो गडी गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत गेला.

आज सकाळी तुमच्या नातीने गाडी हरिशंकरपुरमच्या आमच्या फाटकासमोर आणून उभी केली. फुगे नाहीत, बॉनेट कोरं. शोरूममध्ये पूजा करू दिली नव्हती तिने. माझ्या हातात लिंबू ठेवून म्हणाली, "आजोबांवाली करो." बॉनेटवर कसलासा लेप आहे, कुंकू लावू नका, असं शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं म्हणे. तिनेच माझं कुंकवाचं बोट धरून टेकवलं, "काढा हो स्वस्तिक." मग काजळाची डबी घेऊन खाली बसलो तर डोळे सापडेनात. वरच्या चिरा शोभेच्या, खरे दिवे खाली बंपरात. "वो भौंहें हैं, बाबा. आँखें नीचे हैं." भुवया कपाळावर आणि डोळे हनुवटीवर, असा प्राणी पुराणवाल्यांनाही सुचला नाही. हनुवटीवर तीट लावली. ती आत बसली, गाडी पुढे घेतली, लिंबू फुटलं. मग काच खाली करून माझ्याकडे बघत राहिली. तुमची रीत तिला माहीत आहे, लहानपणी मीच सांगितली होती. "एक चांगली गोष्ट, बाबा. सच्चीवाली."

मी बघत राहिलो. ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती, पण चेहरा परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखा.

"रंग चांगला आहे," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच."

कॉलनीत एक चक्कर मारून आली, विनाकारण हॉर्न वाजवत.

तोंडाबद्दलचं आणि किमतीबद्दलचं माझं मत कायम आहे, ते बदलायचं नाही. हा कागदही कुठे धाडायचा नाही, गाडीच्या त्या कुणी कधी वाचत नाही अशा जाड माहितीपुस्तकाखाली ठेवून देतो. तुम्हाला म्हणून सांगतो, घासलेल्या काशाच्या वाटीसारखा तो रंग मला शोरूममध्ये पहिल्याच दिवशी आवडला होता. लोक हसत होते, म्हणून बोललो नाही. आज एवढा वेळ बघत उभा राहिलो, ते नाटक होतं.