टप धुऊ नकोस

तीर्थरूप ताईस धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? गच्चीवरच्या त्या फुटक्या टपावरून ते अजून तुझी बोलणी खातात का? उत्तरं सावकाश दे, आधी माझं ऐक. माझी नोकरी सोमवारपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. आणि मी नेमका काय गुन्हा केला हे मला अजून उमगलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. (तूही चौथीच शिकलीस, पण दोघींच्या मिळून आठ यत्ता होतात.)

मी प्रयोगशाळेत काय करते असं तू मागे विचारलं होतंस. भांडी घासते. काचेची असली तरी भांडीच ती. आमच्या मोठ्या बाईंना प्लास्टिकचा कचरा जिरवायचा आहे. जाळून नाही, पुरून नाही, तर जंतूंना खाऊ घालून. आपण जन्मभर जंतू मारत आलो, इथे त्यांना भरवायला पगारी माणसं ठेवलीत. बरं, जंतूही लाडावलेले. कोऱ्या प्लास्टिकला तोंड लावत नाहीत. म्हणून आधी त्या प्लास्टिकचे हाल करायचे. नखाएवढे तुकडे करायचे, भट्टीत तापवायचे, मग जांभळ्या दिव्याखाली महिनामहिना ठेवायचे, म्हणजे उन्हात पडून जुनं झाल्यासारखं होतं. तडे गेले की बाई खूश. (माझ्या हातून बरणीला तडा गेला तेव्हा मात्र खूश नव्हत्या.) एवढं का छळता म्हणून मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मावशी, दात न आलेल्या पोराला आपण घास कुस्करून देतो ना, तसं." हे मला पटलं. एवढंच पटलं.

आता ऐक. मंगळवारी बाई घाईघाईत म्हणाल्या की उद्या मोठे लोक बघायला येणार, सगळं लख्ख पाहिजे. सगळं म्हणजे सगळं, हे मला आईने शिकवलंय. कोपऱ्यात एक कपाट आहे, आत कायम ऊब असते, जंतूंचं बाळंतपण चालू असल्यासारखी. त्यात बारा बरण्या होत्या. प्रत्येकीत ते तुकडे, आणि त्यांच्यावर बुळबुळीत करडा थर, वास असा की नाकाने राजीनामा द्यावा. एरवी त्या कपाटाला हात लावायची मला मनाई आहे. पण माझ्या डोक्यात एकच, पाहुण्यांसमोर बाईंची अब्रू जाणार. बरण्या गाळणीत ओतल्या, उकळतं पाणी टाकलं, घरचा साबण आणला होता तो लावला आणि जुन्या दातांच्या ब्रशने एकेक तुकडा घासला. तीनशे साठ तुकडे, ताई. मान अजून धरली आहे. पुसून, ज्या बरणीचे त्या बरणीत, वरचे आकडे बघून परत भरले. आकडे मला येतात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाहुण्यांना घेऊन कपाट उघडलं आणि एक बरणी उजेडात धरली.

"मावशी, हे काय?"

"धुतलं."

"कशाने?"

मी सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या. एका पाहुण्याने बरणी हुंगून "लिंबू?" असं विचारलं. मग कळलं की तो थर म्हणजेच चार महिन्यांचं काम होतं. जंतू नुकते खायला लागले होते. मी म्हटलं, घाण हाच माल असेल तर तसं सांगून ठेवावं माणसाने. सहा वर्षं मला घाण काढायलाच ठेवलंय. आता कुठली घाण काढायची आणि कुठली पुजायची, हे कोण सांगणार? काल फरशी पुसतानाही हात थांबला. डाग होता, पण म्हटलं कोणाचा असेल कोण जाणे. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रडल्या. नुसतंच तुला कळावं म्हणून लिहिलं. मागणं काही नाही.

तुझी धाकटी

ता. क. तो निळा टप मात्र दे. बाई म्हणतात, साबण लागलेले तुकडे आता बाद, पण बारा वर्षं उन्हापावसात कुजलेलं, वर शेवाळ धरलेलं प्लास्टिक सोमवारपर्यंत मिळालं तर दिव्याखालचे महिने वाचतील आणि माझी नोकरीही. पत्र आणणारा आमचा गाडीवाला दारात उभा असेल, त्याच्याकडेच दे. टपाचं नाव काढू नकोस असं त्याला बजावलंय, नाहीतर पत्र वाचायच्या आधी तू टप घासून ठेवशील. आपल्या घरचं वळण मला माहीत आहे. ताई, धुऊ नकोस. पुसूही नकोस.

आणखी ता. क. टपाचा खरा इतिहास लिहून द्यायचा आहे, कधी तापवला होता का वगैरे. खोटं लिहिलं तर प्रयोग फसतो म्हणे. तर, तापवला होता. त्यात उकळतं पाणी मी ओतलं होतं, टप तेव्हाच तडकला. दाजींनी नंतर नुसता पाय ठेवला. आपण निर्दोष ठरेपर्यंत टप टाकायचा नाही म्हणून त्यांनी तो बारा वर्षं जपलाय, तेव्हा पुरावा ते सहज सोडणार नाहीत. आधी टप गाडीत घाल. गाडी वळली की पत्र त्यांच्या हातात दे.